दोन चहा

मिलचा शेवटचा खातेघर-पत्रा उतरला तेव्हा
इलाही भंगारवाल्यानं बॉबिनींची पोती आणली
साखर पेठेतल्या बेकरीला. सात रुपये किलो.
मी पावासाठी उभा होतो.
एक उचलली, नख दाबून पाहिलं.
नख दुखलं. लाकडाला काहीच नाही.

"भायेरचं हाय. बीच म्हणत्यात."
ऐकून भट्टीवरची पोरं खिदळली.
बीच! अन् नळाला पाणी पाचव्या दिवशी.

एक पोतं आधीच भट्टीत गेलेलं.
जळतंही छान ते, धूर कमी,
गुण सांगायचे तर हाही सांगावा लागेल.
उरलेलं मी नऊनं घेतलं.

झाड मी कधी पाहिलं नाही.
पान कसं, साल कशी, कुणाच्या बांधावर, ठाऊक नाही.
खरादीवर चढवलं तेवढीच ओळख:
सागासारखा तेलकट वास नाही,
बाभळीसारखा हट्ट नाही,
रेषा जवळजवळ नाहीतच,
बारीक तपकिरी ठिपके फक्त,
भोगीच्या भाकरीवर तीळ दाबावेत तसे.

पोटातून आरपार भोक, चातीचं.
पटाशीचं शेपूट त्यात बरोब्बर बसतं,
भोवऱ्याची आरही.
गड्ड्याच्या जत्रेत पंचवीस भोवरे गेले.
प्रत्येक बाप विचारायचा, "सागवान आहे का?"
नाही म्हटलं की पाच रुपये कमी द्यायचा.

चिरून एक पट्टी काढली, इडलीच्या भांड्यात वाफवली,
वाकली, हूं की चूं न करता, गोल.
तारामती मात्र तीन दिवस बोलली नाही.

खोडीही आहेत.
एप्रिलात आकसतं, जुलैत फुगतं,
बाहेर अंगणात विसरलात तर दोन पावसाळ्यांत भुसा.
सावलीतलं लाकूड आहे, सावलीतच ठेवा.

एका बॉबिनीवर तेलुगूत काही खरडलेलं.
मला वाटलं, नाव असेल कुणाचं.
शेजारच्या बालमणी श्रीमलला दाखवली,
बावीस वर्षं वाइंडिंगला होती ती.
चष्मा शोधला, उन्हात धरली, हसली.
"नाव कशाचं? दोन चहा, असं लिवलंय. उधारी."
कुणाची, ते काही सांगेना.

त्याच बॉबिनीचा तिला बत्ता करून दिला,
भोकात बाभळीची खुंटी ठोकून.
अक्षरं राहू दिली. सुतानं घासून पडलेला चरही.

आता संध्याकाळी भिंतीपलीकडे शेंगा कुटल्या जातात.
मध्येच आवाज थांबतो.
एकदा डोकावलो, तर बत्ता आडवा मांडीवर,
अंगठा त्या चरातून फिरतोय,
हळू, एकाच दिशेनं,
तुटलेलं टोक सापडेपर्यंत फिरवावं तसा.

वाटीभर चटणी येते मग आमच्याकडे.
लाकडाची चव उतरत नाही, हे खरं.
मीठ जरा जास्त असतं.