खालची बाजू

अकरावी तुकडीही तडकली.

लिमफ्योर्डच्या काठावर आमच्या प्रयोगशाळेत
सिमेंट भट्टीत जळत नाही,
बंद कपाटात बसून कार्बन पितं
आणि दगड होतं.
निदान व्हायला हवं.

थोर्किल्ड म्हणाला, रसायन चोख आहे.
कुहप्रियाने पडदा आमच्याकडे वळवला;
हेर्निंगमध्ये वाढलेली ती,
आकडे मात्र अजून तमिळमध्ये पुटपुटते.
तिचं गणितही चोख.
पेटंटवाला ऑगे तासाच्या दराने बोलतो, तो गप्प.
सगळं चोख, आणि विटेला चीर.
मी इतिवृत्त लिहीत होतो.
'चर्चा झाली', याच्यापुढे पेन सरकेना.

गुद्रुन तेव्हा फरशी पुसत नव्हती
(तसं लिहिलं तर गोष्ट उगाच गोड होईल).
ओलाव्याचे काटे वाचायच्या कामावर होती,
त्याआधी एकतीस वर्षं चीजच्या तळघरात.
तिने वीट उचलली,
बुडाशी नखाने खरवडली, नाकाशी नेली.
थोर्किल्डने माझ्याकडे पाहिलं.
मी कागदाकडे.

'यांना परततं कोण?'

कुणीच नाही.

'मग वर कवच धरणार, पोटात ओल कोंडणार.
चीज रोज परतावं लागतं.
सासू गेली त्या दिवशीही
मी आधी फळ्या परतल्या, मग रडले.'

समीकरणात वर आणि खाली सारखेच होते;
त्या बिचाऱ्याला बूड असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.
'किती तासांनी?' कुहप्रियाने विचारलं.
'हाताला कळतं.'
'हात मला आलेखावर मांडता येत नाही.'
'मग आलेख हातात घे.'
त्या आठवड्यात दोघी इतक्या भांडल्या
की थोर्किल्डने कंटाळून पाण्याचं प्रमाण बदललं,
आणि तेही, नंतर कळलं, बदलायलाच हवं होतं.

चौदावी तुकडी:
नऊ विटा शाबूत, तीन गेल्या.
थोर्किल्डने केक आणला नाही, पण शीळ घातली.

ऑगेचा फॉर्म आला.
नाव. पदवी. विषयातील प्रावीण्य.
गुद्रुनच्या ओळीपाशी त्याने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं,
पुसता येईल इतकं फिकट.

रविवारी मीच तो घेऊन गेलो.
ती कपाटात कोपरापर्यंत शिरलेली,
सहीला हात रिकामा कुठला.
'धर,' म्हणाली,
आणि एक वीट माझ्या तळव्यावर उलटी ठेवली.

वरून कोरडी ठक्क होती.
खाली, अजून, किंचित गार.