पायरीखाली

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
मी चढत नाही. तिच्या खाली बसतो,
पास्तो शहरात, ज्वालामुखीकडे पाठ करून.
एक टेबल, दोन खुर्च्या, एक टाइपरायटर,
ज्याची डोक्यावर लाट असलेल्या ‘न’ची कळ
तुटून अकरा वर्षं झाली.
आमच्या भाषेत ‘मूल’ लिहायला तीच लाट लागते.
ती मी शेवटी पेनानं काढतो,
अर्ज दुमडण्याआधी.

रोस्मिरा तुल्कान आली
तेव्हा हाताला भाजल्या मक्याचा वास होता.
मागे मुलगा, येइसन, वय चौदा,
कमरेपर्यंत वेणी.
शाळा म्हणते, कापून या, मग बसा.
‘वेणी कुणी ठेवली?’
‘त्याच्या बापानं. तो गेल्यापासून मी घालते.’
‘कशासाठी?’ मी विचारलं. अर्जाला कारण लागतं.
ती माझ्याकडे बघत राहिली.
‘नाकाला कुणी कारण विचारतं का?’

मी तेच टाइप केलं.
मग वरून फुल्या मारल्या, ओळभर,
आणि खाली लिहिलं राज्यघटनेतलं,
व्यक्तिमत्त्वाचा मुक्त विकास वगैरे.
तुतेला म्हणतात या अर्जाला.
वकील नको, मुद्रांक नको,
दहा दिवसांत उत्तर.

दहाव्या दिवशी उत्तर आलं: शिस्त.
वरच्या कोर्टाचंही आलं, जरा जाड कागदावर: शिस्तच.

मग फाइल बोगोटाला गेली.
सगळ्याच जातात. तिथं त्यांचा डोंगर होतो
आणि डोंगरातून मूठभर उचलतात.
कोण उचलतं, मला ठाऊक नाही.
मी आपली एक मुलगी कल्पिली आहे,
नुकतीच कायदा पास झालेली, कॉफी गार झालेली,
बोटांना धूळ,
आणि तिला कागदावर दिसते
निळ्या शाईची एक वाकडी लाट.

तोवर येइसन गॅसची सिलिंडरं वाहत होता.
आई रोज पहाटे वेणी घालायची,
गरजेपेक्षा घट्ट.

अकराव्या महिन्यात निकाल आला.
एक्केचाळीस पानं.
मी तो याच खुर्चीत तिला वाचून दाखवला,
अवघड शब्द गाळत, मग न गाळता.
एकोणतिसाव्या पानावर अडखळलो.
‘अर्जदारानं खोडलेली, तरी वाचता येणारी एक ओळ
या न्यायालयाला महत्त्वाची वाटते.’
आणि पुढे अवतरणात,
नाक.

तीन न्यायाधीश. दोघं बाजूनं.
तिसऱ्यानं वेगळं लिहिलं होतं, सुंदर भाषेत: शिस्त.

‘म्हणजे आता कापायला कुणीच सांगू शकत नाही?’
येइसननं पहिल्यांदाच तोंड उघडलं.
‘कुणीच नाही.’
‘आईसुद्धा?’
मी पानं उगाच सारखी केली.
‘ठेवायलाही नाही सांगू शकत,’ म्हटलं. ‘बहुतेक.’

शनिवारी तो न्हाव्याकडे गेला.
कानांवर साफ, वर तुरा, त्या सेंटर फॉरवर्डसारखा.
सोमवारी रोस्मिरा आली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली वेणी टेबलावर ठेवली.
‘यावर अर्ज होतो?’
‘कुणाविरुद्ध?’
बराच वेळ बसली. मग तिला हसू फुटलं,
ते थांबेपर्यंत डोळे पुसत होती,
आणि हसण्याचेच पैसे द्यायला लागली.
मी घेतले नाहीत. वेणी तिनं परत नेली.

मार्चमध्ये दुसऱ्या गावाहून एक बाप आला.
तळहातावर बॉलपेननं निकालाचा क्रमांक,
घामानं शेवटचा आकडा पुसलेला.
‘ते वेणीवालं,’ म्हणाला. ‘माझ्या मुलीच्या टोपीला चालेल का?’
‘बघू,’ मी म्हटलं. खरंच ठाऊक नव्हतं.
‘टोपी का घालते?’
तो गप्प. मग मीही गप्प.
कोरा कागद चढवला.
नाव विचारलं.
न्यान्येस, म्हणाला.
एका आडनावात दोन लाटा.
मी खिशात पेन शोधू लागलो.