अर्ध्यापर्यंतच

बॅटरी एकशे दहाची. त्यातली आपली पंचावन्न.
अर्ध्याखाली उपसली की आतल्या शिशाच्या पट्ट्या
कायमच्या रुसतात.
हे लॉक्लननंच मला शिकवलं,
तो फेरीबोटीच्या इंजिनखोलीत होता तेव्हा,
आणि झोपेत श्वास घ्यायचं विसरत नव्हता तेव्हा.

आता त्याला मुखवटा आहे.
नाकावर रबर, रबरामागे नळी, नळीमागे डबा.
डबा रात्रभर त्याच्यात हवा ढकलतो
आणि ती हवा
माझ्या पंचावन्नातून जाते.

नोव्हेंबर. सदरलंड. या तळ्याकाठी तिसरा दिवस.
सूर्य सकाळी डोंगराच्या खांद्यावर हनुवटी टेकतो
आणि साडेतीनला ‘येतो’ म्हणून जातो.
छपरावरच्या पॅनलनं आज कमावले चार.
चार!
भातुकलीला पुरतील.

मग माझी कंजुषी सुरू होते, जिला तो कारभार म्हणतो.
फ्रिज बंद. दूध गाडीखाली बादलीत, वर झाकण, झाकणावर दगड,
कारण काल कोल्ह्यानं लोणी नेलं.
किटली गॅसवर.
इन्व्हर्टरला हात लावायचा नाही, तो नुसता बसूनही खातो.
पंप एकदाच: दात आणि कप एकत्र.
हीटर पेटताना मोठा घोट घेतो,
म्हणून पेटवायचाच नाही; स्वेटरावर स्वेटर.
मुखवट्याची हवा ओलसर करणारं भांडंही
मी गुपचूप काढून ठेवलंय.
सकाळी त्याचा घसा कोरडा पडतो,
तो खोकतो आणि उत्तरेच्या वाऱ्याला शिव्या देतो.
मी देऊ देते.

मीटर लगेच बघायचा नसतो.
नुकत्याच जेवून उठलेल्याला
भूक आहे का विचारू नये, तसं.
सगळं बंद करून थांबायचं, मग बॅटरी खरं बोलते.
म्हणून निजण्याआधी तासभर आम्ही अंधारात बसतो.
तो बोटींची नावं सांगतो, आठवतील तशी,
एक नाव दोनदा येतं, मी मोजत नाही.
मग टॉर्च.
बारा पॉइंट दोन.
‘पुरेल,’ तो म्हणतो, आणि मुखवटा चढवून
पाणबुड्यासारखा झोपेत उतरतो.

तीनला जाग आली.
अकरा पॉइंट नऊ.

जागेवरच इंजिन चालवलं तर थेंब थेंब भरते,
आणि पलीकडच्या गाडीत ते ग्लासगोचं जोडपं,
त्यांचं तान्हं आत्ता कुठे गप्प झालेलं.
मी चालकाच्या जागेवर बसले. नाइट गाउनवर त्याचा कोट.
पहिल्या गिअरमध्ये, चोरासारखी, रस्त्यापर्यंत.

एका गाडीपुरता रस्ता. मागे माझा नवरा आडवा,
डब्याची घरघर, आणि इंजिनाची, दोन्ही एका सुरात.
दिव्यांत एक सांबरासारखं मोठं हरीण,
शिंगांवर दव. त्यानं मला वाट दिली नाही.
मी थांबले. इंजिन चालू होतंच,
आकडा चढत होता, मला कसली घाई!
आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिलो.
मग बंद चर्चपर्यंत जाऊन वळले.
चौदा मैल, तासाभरात. वळणांवर त्याचं डोकं उशीवरून घरंगळू नये
म्हणून तशी चालवली,
जशी कधी नव्या नवरीचं सामानही कुणी नेलं नसेल.

सकाळी तो उठला. मुखवट्याचे वळ गालावर.
मीटर पाहिला.
‘बघ. म्हटलं नव्हतं, पुरेल म्हणून?’
‘म्हटलं होतंस.’

मग चहाचा कप घेऊन खिडकीशी बसला.
काल त्या खिडकीत तळं होतं.
आज उतार, दगड, एक मेंढी.
मेंढीकडे त्यानं निवांत पाहिलं,
मान वळवून दुसऱ्या खिडकीतल्या पाण्याकडे पाहिलं,
चाळीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसानं.

‘रात्री पाणी फिरलं वाटतं,’ तो म्हणाला.
‘भरती असेल,’ मी म्हणाले.

त्यानं त्याचं बिस्किट मोडलं
आणि मोठा तुकडा माझ्या बशीत ठेवला.
तळ्याला भरती येत नाही.