नावे

चौदा सामने. अकरा हरलो, दोन बरोबरीत,
आणि एक जिंकलो, कारण पाचोऱ्याची गाडी
नशिराबादजवळ बंद पडली.
इथवरचा हिशेब बरोबर आहे, मी दोनदा तपासला.
समिती म्हणाली, ठराव तुम्हीच लिहा झोपे,
खजिनदाराचं अक्षर वळणदार असतं.

ठराव एका ओळीचा.
‘हंगामातील अपयशास प्रशिक्षक श्री. रमजान तडवी
सर्वस्वी जबाबदार आहेत.’
‘सर्वस्वी’पाशी पेन थांबलं.
छत्तीस वर्षं भुसावळच्या लोको शेडमध्ये वह्या लिहिल्या,
आकडा नावे की जमा, एवढंच विचारत आलो.
म्हटलं, आधी खतावणी उघडू.

तडवी सरांच्या नावे आहेच.
भंगाळेचा गुडघा गेलाय हे शेंबड्या पोरालाही माहीत,
तरी धुळ्याविरुद्ध त्यालाच मागे उभं केलं. तीन गोल.
अमळनेरला दोन खाल्ल्यावर सर ओरडले नाहीत,
खिशातली वही काढून काहीतरी लिहीत बसले.
आमच्याकडे न ओरडणाऱ्याला कोणी कोच म्हणत नाही.
हे मी लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.

पण जोएलचा डावा पाय
डिसेंबरातच इटारसीला गेला, बदलीच्या कागदावर,
तो कोणाच्या नावे टाकू?
सपकाळेचं पोर दहावीचा पेपर देऊन
तसंच गोलात उभं राहिलं,
चेंडू आला तेव्हा ते भूमितीत होतं.
लांबलेले सामने एप्रिलात खेळवले,
चार वाजता, चव्वेचाळीस डिग्रीत,
मैदानाची माती तव्यासारखी,
तारीख ठरवणारे अध्यक्ष शामियान्यात,
ताकाचा ग्लास घेऊन.

‘कोचले काढा!’ पहिला आवाज मोतीराम पानवाल्याचा.
त्याचा भाचा बाकावर बसायचा.
दुसरा आवाज कोणाचा ते सांगता येत नाही,
दुसऱ्या आवाजाला तोंड नसतं.

बूट.
बुटांची निविदा मी काढली.
जोडामागे दीडशे रुपये वाचवले, सभेत टाळ्या झाल्या.
तिसऱ्या सामन्यात तळवे जिभेसारखे बाहेर लोंबले,
पोरांनी सुतळीनं बांधले.
दूधही मीच बंद केलं. केळी चालू ठेवली,
रावेरच्या ट्रकवाल्याकडून येतात, फुकट.

बेरीज लागेना.
पराभव अकरा,
आणि नावे निघाले सोळा जण,
त्यात एक वारा, एक ऊन.

काल दिवेलागणीला सर आले, कोठीची किल्ली द्यायला.
पंप, शिट्टी, जाळीचं गुंडाळं,
सगळं ओळीनं मांडलं, लग्नातल्या रुखवतासारखं.
चेंडू मोजले. पुन्हा मोजले.
‘एक कमी आहे,’ म्हणाले, ‘माझ्या नावे टाका.’
साडेसहाशे. त्यात दहाच्या नोटाही होत्या.
ठरावाचं त्यांना कळलंच असणार, गाव केवढं!
त्याबद्दल अवाक्षर नाही.
फक्त, ‘सपकाळेला पुढच्या वर्षी ठेवा,
पोराचे हात चांगले आहेत.’
मी पावती फाडली.
सायकल भिंतीला टेकवलेली,
ती हातात धरून चालत गेले. चाकात हवा नव्हती.
पंप आता माझ्या टेबलावर होता.

घरी आलो तर न्हाणीच्या भिंतीवर
ठक्. ठक्. नातू.
पाच नंबरचा, पट्ट्यावर माझ्याच हातचा आकडा, नऊ.
कुठून आणलास म्हणून खेकसलो.
तो चेंडू पायाखाली धरून म्हणाला,
‘आबा, तुम्हीच तर दिला होता,
दिवाळीत.’

ठराव अजून तसाच आहे.
सहीपुरती जागा खाली सोडलीय.
‘सर्वस्वी’वर शाईचा ठिपका पसरलाय
आणि पलीकडे भिंतीवर
ठक्.