गणती

पौषातली पहाट, तळ्याची पाळ.
दुर्बिणीच्या काचेवर माझाच श्वास.
पुसून पाहतो :
पट्टकदंब एकशे बारा, की चौदा –
मधेच कुणी मान पंखात घातली.

तुकडू नान्हे डोंग्यातून शिंगाडे काढतो.
दुर्बीण दिली, तर उलटी लावून हसला :
"लय दूर गेले जी पाखरं."

सारस यंदा एकटाच,
कापल्या धानाच्या बांधीत उभा.
रकान्यात मी एक लिहिला.

"दोन लिवा," तुकडू म्हणाला.
"हाक मारते, मंग थांबते थोडासा.
तेवढी जागा तिची हाये."

पेनानं लिहिलेला एक.
त्याच्यापुढं
बोटभर कागद कोरा सोडून
मी खालची ओळ घेतली :
अडई, सात.