शुक्रवारचं वर्ष

कलाचाच्या शाळेमागे, चाल्बीच्या वाऱ्याकडे पाठ करून
आम्ही फळी उभी केली.
टाचा टेकव. गुडघे सरळ. समोर बघ.
डोक्यावर सरकपट्टी उतरते तेव्हा
एकूण एक पोर श्वास कोंडून धरतं,
जणू उंची छातीतच कुठंतरी साठवलेली असते.

मार्साबितच्या डोंगरावरची बुर्जी पोरं
मक्यावर पोसलेली, खांद्यांनी रुंद.
रेंडिलेंची काटकुळी, लांब पायांची;
दंडाला पट्टी गुंडाळली की बाण पिवळ्यावर थांबतो,
आणि तीच दुपारी शर्यतीत सगळ्यांच्या पुढं.
तक्ता मात्र सगळ्यांना एकच,
आमच्यापैकी कुणी न पाहिलेल्या पोरांवरून आखलेला.

मग गुमातो आली.
टायरच्या चपला काढून कडेला नीट ठेवल्या.
एकशे सदतीस. सत्तावीस किलो.
वय?
"शुक्रवारच्या वर्षातली," तिची आई कबाले म्हणाली.

गाब्रांची वर्षं वारांच्या नावाची.
सात झाली की पुन्हा तोच वार.
म्हणजे पोर दहाची, नाहीतर सतराची.
"कुठल्या शुक्रवारची?"
"उंट मेले त्या."
"ते कधी?"
ती माझ्याकडे बघत राहिली.
"दोन्ही शुक्रवारी मेले."

आणि तक्त्याला वर महिनेही हवेत.
दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

दहाची धरली तर ठिपका रेषांच्या आत, सुखरूप.
सतराची धरली तर सगळ्यांत खालच्या रेषेच्याही खाली,
जिथं कागदावर काहीच छापलेलं नाही.
मी पेन्सिलीनं दोन्ही ठिपके दिले.

गुमातोनं वाकून पाहिले. हसली. मान वर करून तोंड वासलं.
"बघ ना. उंटिणीचं वय असंच बघतात."
दात पांढरे, घट्ट.
मागं, अंधारात, एक जागा रिकामी.
पडलेला? की अजून यायचा?
मला उंटिणींतलं कळत नाही.

नियम असा, की दोनदा मोजायचं.
ती पुन्हा फळीला टेकली. श्वास कोंडला.
पाच मिलिमीटर जास्त.
काढली सरासरी.
वयाच्या चौकटीत लिहिलं: शुक्रवार.

संध्याकाळी लिबान साहेब ते खोडून आकडा मागतील.
मागू देत. तेवढ्यात वारा फिरला,
तक्ते उडाले, आणि आम्ही सगळे त्यांच्यामागं,
सगळ्यांत पुढं ती पिवळ्या बाणाची पोरं,
हातात चपला घेऊन गुमातो.