वीस अंश

भुसावळात समुद्र नाही.
तापी आहे, उन्हाळ्यात तीही पुलाखाली अंग चोरून,
बाकी सगळे रूळ.
तरी एप्रिलात माझ्या शेडवर ड्रॉइंग आलं,
कोपऱ्यात शिक्का, कशासाठी ते लिहिलेलं नाही.
ब्राँझची कडी, व्यास ऐंशी, नग चाळीस.
"मोटरपंपाची असतीन," मुबारक तडवी म्हणाला.
मग त्याने टॉलरन्सचा आकडा वाचला,
चष्मा पुसला,
पुन्हा वाचला.

गोदीतून राऊळ बाईंचा फोन. त्या मोजकं बोलतात.
एक पाणबुडी चौदा महिने धक्क्याला बांधून आहे,
तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे तिसरी.
सुक्या गोद्या दोनच. तिसरी बांधताहेत,
काँक्रीट ओतून झालं, क्रेन उभी राहिली,
पण कडी आली नाहीत तर
नव्या गोदीतही बोट नुसती उभीच राहणार,
फक्त कोरडी.

हे मला कुणी समजवायला नको.
तेहतीस वर्षं लोको शेडमध्ये काढली.
एका बेअरिंगपायी पिटवर अडकलेलं इंजिन
आणि बाहेर लाइनीत मुकाट उभी आणखी सात.
साहेब म्हणाले, पिट वाढवा. वाढवले.
आत्माराम झोपे रिटायर झाला तेव्हा
पिट पाच झाले होते
आणि त्याच्यासारखा स्क्रॅपर धरणारा
एकही नव्हता.

पहिले दहा नग परत आले.

मे महिना. पत्र्याखाली शेहेचाळीस.
ब्राँझ फुगतं. सदतीस मायक्रॉन,
म्हणजे अर्धा केस.
मायक्रोमीटरही तापलेला,
दोघं संगनमताने माझ्याशी गोड बोलत होते.
ड्रॉइंगच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात:
मोजणी वीस अंशांवर.

वीस अंश. भुसावळात.

रात्री तीनला मोजलं, चौतीस.
ओली पोती टांगली, एकतीस,
आणि मायक्रोमीटरच्या दांडीवर गंजाचा ठिपका.
तेव्हा मुबारक बोलला,
"सावद्याले फिरक्याची केळीची खोली हाये ना."

हेमराज फिरकेचं पिकवण-घर. दिवसरात्र सतरा.
हिरवा माल आत, चौथ्या दिवशी पिवळा बाहेर.
"वीसवर नेली त माल लवकर पिकीन.
ट्रक सोमवारचा. मऊ पडला त कोन घेईन?"
मी गप्प.
"हाये तरी कशाचं?"
सांगता येत नव्हतं. "पाण्याखालचं," म्हणालो.
"मंग विहिरीचं म्हन."
मी मान हलवली.
त्याने बटण फिरवलं.

क्रेटांच्या मधोमध फळी, फळीवर धुतलेलं धोतर,
त्यावर कडी रात्रभर निवत ठेवली,
शेजारी मायक्रोमीटर, तोही निवत.
भर मे महिन्यात दोघं म्हातारे स्वेटर घालून
दिव्याखाली वाकलो.
तिन्ही रात्री मिळून एकवीस बसली.
बाकीची पुन्हा केली.

सोमवारी साठ क्रेट मऊ पडले.
फिरकेने ते गावातल्या दोन आश्रमशाळांना वाटले
आणि मला बिल नाही, टोमणा पाठवला:
विहिरीला पाणी लागलं का?

गोदीच्या तपासनिसाने पेटी उघडली,
गेज लावायच्या आधी नाक पुढे केलं.
"केळी?"
"हो."
हे त्याने वहीत लिहिलं नाही.
चाळीसच्या चाळीस घेतली.

कधी झोप लागत नाही तेव्हा वाटतं,
तिथे खाली पाणी गार असेल,
कडं जरासं आक्रसत असेल,
आणि माणसं, आमच्या गावाचं नावही माहीत नसलेली,
त्या अर्ध्या केसाच्या अलीकडे
चहा पीत असतील.

परवा राऊळ बाईंचा फोन.
"पहिली गेली."
कुठे, किती खोल, मी विचारलं नाही.
"दुसरी आत घेतलीय. तिसऱ्या गोदीत.
नग साठ. जूनच्या आत जमेल?"

मी कॅलेंडरकडे पाहिलं. एप्रिलची अठरा.
बाहेर पत्रा तडतडत होता.
जमेल म्हणालो,
आणि फिरकेला फोन लावला.